पोटावरची जागा

विनलेल्या कापडाले कैची लावता येत नाई. लावली का टाके सुटत जातेत, मंग बसा बोंबलत. म्हनून सासूनं विनून देलेला मोरपंखी लोकरीचा ड्रेस मले आंगात बसवाचा होता, तं समोरचा भाग पूरा उसवल्याबिगर इलाज नव्हता.

सासू म्हंजे झुंबरबाई. मी त्यायले आत्याबाई म्हनतो. वडनेरात त्यायच्या विनकामाले मोठं नाव हाय. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यायनं माह्यासाठी तो ड्रेस विनला. पाठ माह्या मापाची, बाह्या माह्या मापाच्या, अन् पोटावर मात्र ही एवढी जागा!

"आत्याबाई, इथं ढिला काऊन?" म्या इचारलं.

"लागन ना वं बाई. मंग काय दरखेपी उसवत बसू?"

तव्हा मी लाजली. आता चौथा हिवाळा लागला, अन् जागा तशीच रिकामी. पोटापाशी लोकर झोळीवानी लोंबे. पन शेगावले दर्शनाले जाताना तोच घालाचा, हा आत्याबाईचा हट्ट. बाया आंधी ड्रेस पाहेत, मंग माह्या पोटाकडे पाहेत. शेगावची ननंद, वंदनाताई, तं हात लावून पाहे. मले वाटे, जमीन फाटाव अन् आत जाव.

अन् बोलाची सोय नव्हती. अकोल्याले म्या तपासून घेतलं होतं, माह्यात काईच दोष नव्हता. डाक्टरनं माह्या मालकाले, गणेशरावले, बोलावलं. ते गेलेच नाई. वरून मले शपथ घातली, "आईले दवाखान्यातलं सांगशीन तं माहं मेलेलं तोंड पाहाशीन." तोंड दाबून बुक्क्याचा मार म्हनतेत, तो हा.

परवा आत्याबाईले वंदनाताईचा फोन आला. "गुरुवारी दर्शनाले या. वैनीले तोच ड्रेस घालून आनजा, माह्या जावा येनार हायेत." माह्या डोक्यात सनक गेली. आत्याबाई नांदुऱ्याले बाजारात गेल्या तशी म्या बगलेची शिलाई काढली, अन् गळ्यापासून समोरचा भाग सरसर उसवला. लोकर धुतली, दोरीवर टांगली, वळ्या मोडाले खाली पान्यानं भरलेला गडू बांधला.

"माय वं! माह्या हातचं उसवलं?" आत्याबाई दारातूनच ओरडल्या.

"आंगात बसत नाई, आत्याबाई."

अन् तरातरा अंदर गेल्या. पन मोकळी लोकर पडून राह्यलेली त्यायले पाहवत नाई, गुताडा होते. दुसऱ्या दिवशी दुपारी वाळलेली लोकर घेऊन स्वताच आल्या.

आमच्या घरची रीत अशी का, म्या दोनी हात पुढं करून बसाचं, लोकरीची लडी माह्या मनगटायवर, अन् आत्याबाईनं गुंडा करता करता इचाराचं, "औंदा तरी काई हाय का?" हात बांधलेले, उठून जाता येत नाई. चार हिवाळे मी अशीच बसली.

पन या खेपी थंडीनं त्यायच्या बोटायले चिरा पडल्या होत्या, लोकर अटके. म्या म्हटलं, "आज तुमी हात धरा, गुंडा मी करतो."

त्या बाजेवर बसल्या. मी त्यायच्या मनगटायवरची लोकर गुंडाळाले लागली.

"जागा ठेवजो हो, पुष्पा."

मंग माह्याच्यानं राहवलं नाई. "आत्याबाई, तुमी माह्याच पोटाकडे काऊन पाहाता? तुमच्या पोराकडे काऊन नाई पाहात?"

त्यायचा चेहरा उतरला. मले वाटलं, आता शिव्या पडतीन. पन त्या हळूच म्हनाल्या, "त्याच्याकडे पाहाची हिंमत नाई वं बाई."

अन् सांगत गेल्या. गणेशराव दहावीत असतानी त्यायले गालफुगी झाली होती. सूज खाली उतरली. डाक्टरनं तव्हाच सांगतलं होतं, यानं पुढं लेकरू होयाले अडचन येऊ शकते, लग्नाआंधी पोराले तपासून घेजा.

"म्या कोनालेच नाई सांगतलं. त्यालेबी नाई. म्हटलं, म्हाराज करतीन बरोबर."

"अन् ड्रेसातली जागा?"

"पहिल्या साली खरंच लेकरासाठी ठेवली होती," त्या म्हनाल्या. "मंग लोक तुह्याकडे पाहाले लागले. म्हटलं, पाहू दे. त्याच्याकडे तं नाई पाहात."

गुंडा फेकून माराव वाटला मले. रडूबी आलं, अन् रागबी. ही बाई सारं जानत होती, अन् मले दर हिवाळ्यात नटवून मिरवत होती!

त्या उठाले लागल्या.

"उठू नका. गुताडा होईन."

गणेशराव आंगनात गाडी पुसत होते. म्या आवाज देला, "आयकलं का? अंदर या. आईले काईतरी सांगाचं हाय तुमाले."

"नको वं पुष्पा, पाया पडतो तुह्या," आत्याबाई कुजबुजल्या. हात तसेच पुढं, अर्धी लोकर मनगटायवर.

गणेशराव फडकं घेऊन दारात उभे राह्यले. "काय झालं आई?"

म्या गुंडा मांडीत घेतला, सुई काढली, अन् माह्या मापाचे टाके घालाले लागली.

"सांगा आत्याबाई," म्या म्हटलं. "लोकर मी धरून हाय."