झिपरूचा राहिलेला धडा

मित्रांनो, मी एक जुनी कातड्याची बाहुली आहे. खेळण्यातली मात्र नव्हे. सुईणींनी माझ्यावर बाळंतपण शिकावं म्हणून जर्मनीतल्या एका कारागिराने मला शिवलं, पोटात भुसा भरला आणि आईच्या कमरेच्या लाकडी सांगाड्याबरोबर पेटीत घालून बोटीने पाठवलं.

धुळ्याच्या ज्या लहानशा दवाखान्यात मी आले, तिथे दोन डॉक्टरीणबाई होत्या. एक जर्मनीहून आलेल्या मार्थाबाई, दुसऱ्या इथल्याच वच्छलाबाई. बाळंतपणात इतकी मुलं का दगावतात, याचा दोघी मिळून शोध घेत आणि खेड्यापाड्यांतल्या सुईणींना शिकवत. मार्थाबाई करून दाखवायच्या, वच्छलाबाई समजावून सांगायच्या.

पहिल्या दिवशी सुईणी मला हात लावेनात. कातडं ना मी! मग शिंदखेड्याच्या सुगंधाबाईने मला उचललं, तीट लावली, कुंची घातली आणि नाव ठेवलं झिपरू. असं ओबडधोबड नाव ठेवलं की पोर जगतं, असं तिकडे मानतात. मी बाहुली, नाव मात्र पोराचं! पण मला ते फार आवडलं.

सुगंधाबाईचा हात हलका होता. नाळ कापायचा विळा तिने सोडला, उकळलेली कात्री धरली. एकच धडा राहिला, पायाळू बाळाचा, म्हणजे पायाकडून येणाऱ्या बाळाचा. मार्थाबाईंनी मला उलटं धरलं तशी ती मागे सरली.

“बाई, मन्ही पोर दोन जीवनी शे. तिन्हं बायतपन होई जाऊ द्या, मंग शिकसू.”

घरात पोटुशी लेक असताना पायाळूचं सोंग करू नये, तसंच घडतं, अशी तिची समजूत. वच्छलाबाईंनी परोपरीने सांगून पाहिलं. मार्थाबाई मात्र हसून म्हणाल्या, “बरं, पुढच्या महिन्यात.” त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

पुढच्या महिन्यात युरोपात लढाई लागली. मार्थाबाई जर्मन, म्हणून इंग्रज सरकारचे पोलीस त्यांना घेऊन गेले. तिकडून येणारी मदत थांबली. वच्छलाबाईंना नोकरीसाठी नाशकाला जावं लागलं. मी पेटीत आणि वर्गाला कुलूप.

थंडीतल्या एका दुपारी राखणदार रमजानभाईंनी ते कुलूप काढलं. मागे सुगंधाबाई उभी होती. इतकी वाळली होती की मी आधी ओळखलंच नाही.

“काय झालं, अक्का?” रमजानभाईंनी विचारलं.

“बाळ पायाळू उनं, भाऊ. पाय मन्हा हातमा व्हतात. डोकं काही सुटनं नई.”

“आणि लेक?”

“ती शे. पण मन्हासंगे बोलत नई.”

तिने मला पेटीतून काढलं आणि सांगाड्यात उलटं ठेवलं. पाय आले, हात आले, डोकं अडकलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा अडकलं. कुठे चुकतंय ते सांगायला खोलीत कुणी नव्हतं. रमजानभाई दाराकडे तोंड करून उभे राहिले.

शेवटी एकदा डोकं सुटलं. कसं, ते तिलाही कळलं नाही आणि मलाही नाही. तिने मला पदरात घेतलं, पाठ चोळली आणि माझ्या तोंडाशी कान नेला.

मित्रांनो, आता माझं कातडं तडकलं आहे, भुसा सांडतो आहे. मला जपा, असं मी म्हणणार नाही. जिथे कुणी कुणाला जीव वाचवायला शिकवतं, त्या खोलीला तेवढं कुलूप लावू नका. सुगंधाबाई कितीतरी वेळ मी रडायची वाट पाहत बसली होती. मला आवाज असता, तर मी रडले असते.