चार वाजता संपणारी बोली

मित्रांनो, माझ्या काचेला तीन तडे आहेत, सातचा आकडा अंगठ्याने जोर लावल्याशिवाय उमटत नाही आणि मला दोन रबरबँड लावून एकत्र धरून ठेवलं आहे. तरी मी चालू आहे, बरं का! मी पाट्या रंगवणाऱ्या एका बाबांचा जुना मोबाईल फोन.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. मला बाबांनी घरी आणलं तेव्हा माझा काय थाट होता म्हणून सांगू! मऊ फडक्याने पुसत होते, नवं पाकीट घातलं होतं. आठ वर्षांची बबडी, म्हणजे बाबांची लेक, हात धुतल्याशिवाय मला हात लावत नसे. पुढे बाबांना एक खोड लागली. रंगवलेल्या प्रत्येक पाटीचा फोटो काढायचा आणि एकही पुसायचा नाही. चार हजार पाट्या माझ्या पोटात कोंबल्या त्यांनी. मी गरम व्हायचो, अडकायचो, कुरकुरायचो. पण माझ्याकडे लक्ष द्यायला वेळ कुणाला होता?

लक्ष तर बबडीच्या डोळ्यांकडेही नव्हतं गेलं. दोन वर्षांपूर्वी बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे दादाकाका, घरी आले होते. जेवताना म्हणाले, "अरे, ही पोर ताटातलं चाचपून जेवते. डोळे दाखव तिचे." बाबांना ते काय झोंबलं म्हणता! "माझ्या मुलीचं मी बघेन," असं ताडकन बोलून गेले. दादाकाका अर्ध्या ताटावरून उठले. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद. दादाकाकांचा नंबर बाबांना तोंडपाठ होता, पण त्यांनी तो पुन्हा कधी लावला नाही.

आई मात्र दुपारी बाबा जेवून झोपले की शिलाई मशीन थांबवायची, माझ्यावरून गुपचूप आपल्या जाऊबाईंशी बोलायची आणि मग ती नोंद पुसून टाकायची. मी कशाला चुगली करू?

आणि मग दादाकाकांचं म्हणणं खरं ठरलं. बबडीच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया करायचं ठरवलं आणि बजावलं, "नंतर दोन दिवस तिने पालथंच झोपायचं. डोक्याला हिसका बसता कामा नये. सकाळ-संध्याकाळ तपासायला आणा. राहायचं ते इथेच, चालत येण्याइतक्या अंतरावर." रुग्णालयात रात्री खाट मिळणार नव्हती. शहरात कसलंसं मोठं प्रदर्शन भरलेलं, त्यामुळे जवळची सगळी हॉटेलं भरलेली. रिकाम्या खोल्या होत्या त्या दीड तासावर, खड्ड्यांच्या रस्त्याच्या पलीकडे.

एका संकेतस्थळावर आयत्या वेळी रद्द झालेल्या खोल्यांची बोली लागते, असं बाबांना कुणीतरी सांगितलं. रुग्णालयाच्या फाटकासमोर एकच खोली शिल्लक होती. आठशेपासून सुरुवात, चार वाजता बोली बंद. ज्याची बोली शेवटची, त्याची खोली.

दोन वाजता घरी बाबा मला घेऊन खिडकीशी बसले. माझी वायर भिंतीतल्या प्लगला लावलेली, मी तापलेलो. शेजारी आई, तिच्या मांडीवर डोकं ठेवून बबडी.

"दोन हजारांच्या वर जायचं नाही हं," आई म्हणाली.

"कोण जातंय दोन हजारांवर? अर्ध्या किमतीत पदरात पाडून घेतो की नाही बघ."

बाबांनी नऊशे टाकले. लगेच समोरून हजार आले. नाव नाही, गाव नाही, नुसतं 'ग्राहक बत्तीस'. बाबांनी अकराशे टाकले, बत्तीसने बाराशे. बाकीचे ग्राहक एकेक करून गळाले, पण हा बत्तीस काही केल्या हटेना. माझ्यासारख्याच कुठल्यातरी फोनवर कुणीतरी इरेला पेटून बसलं होतं. सतराशेच्या वेळी माझा सात उमटेना, बाबांनी तीनदा दाबला आणि मला शिवी हासडली. मला वाईट वाटलं, पण दोष माझाच होता.

साडेतीनला दोन हजार झाले.

"आता?" आईने विचारलं.

"नव्या शिडीचे पैसे आहेत."

"अहो, जुनी शिडी मोडायला आलीये. पडाल!"

"पडेन तेव्हा बघू."

बाबांचा अंगठा घामाने ओला झाला होता. बावीसशे, चोवीसशे, सव्वीसशे. बत्तीसने अठ्ठावीसशे केले. चाराला एक मिनिट उरलं होतं. बाबांनी तीन हजार लिहिले, बटण दाबलं, आणि मित्रांनो, मी अडकलो! पोट गच्च, अंग तापलेलं, माझ्या काचेवर ते गोल चक्र नुसतं गरगरत राहिलं. मी जीव तोडून प्रयत्न केला हो! बाबा ओरडत होते, "चल, चल ना रे बाबा!"

चक्र थांबलं तेव्हा चार वाजून गेले होते. काचेवर अक्षरं आली: 'खोली ग्राहक बत्तीस यांना मिळाली.'

"फेकून दे हा डबा!" बाबांनी मला कापडाच्या ढिगावर भिरकावलं. बबडी हळूच म्हणाली, "बाबा, मी गाडीत डोकं अजिबात हलवणार नाही." ते ऐकून बाबांनी तोंड फिरवलं.

तेवढ्यात मी वाजलो. काचेवर दोन वर्षांनी ते नाव उमटलं होतं: दादा. बाबा बघतच राहिले. शेवटी आईनेच बटण दाबून मला त्यांच्या कानाला लावलं.

"फोन ठेवू नकोस, आधी ऐक," दादाकाका घाईघाईने म्हणाले. "तुझ्या वहिनीकडून सकाळी सगळं कळलं. बबडीसाठी खोली घेतलीये, रुग्णालयाच्या अगदी समोर. नाही म्हणू नकोस. एक चिकट माणूस दोन तास हटत नव्हता रे! आठशेची खोली अठ्ठावीसशेला पडली मला."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई सुईत दोरा ओवायला लागली. सुईत दोरा आधीच होता.

"दादा," बाबा म्हणाले, "तो चिकट माणूस मीच."

मग दादाकाका म्हणाले, "म्हणजे दोन तास मी तुझ्याशीच भांडत होतो?"

"दोन वर्षं, दादा." आणि बाबा ढसाढसा रडले. "तू बरोबर होतास. तेव्हाच दाखवायला हवे होते तिचे डोळे."

"ते राहू दे आता. मी येतोय तिकडे."

दादाकाका आले. शस्त्रक्रियेनंतरचे दोन दिवस बबडी पलंगाच्या कडेला पालथी झोपली होती, मान खाली घालून. आणि दादाकाका खाली फरशीवर उताणे पडून तिच्याकडे बघत गप्पा मारत होते. तिला वर बघता येत नव्हतं ना! मी त्यांच्या छातीवर होतो. बबडीचा डोळा वाचला, पण पूर्वीसारखा नाही झाला. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी आणली असती तर कदाचित ही वेळ आली नसती.

आता माझ्या पोटातल्या पाट्या काढून टाकल्यात. मला हलकं वाटतं. तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा असेल, त्याला उगाच गच्च भरू नका, आपटू नका. आणि मित्रांनो, आम्ही बोली लावतो, फोटो काढतो, सगळं करतो, पण आम्हाला बनवलं ते माणसांनी एकमेकांशी बोलावं म्हणून. तेवढं आमच्याकडून करून घ्या, वेळेवर.

दादाकाकांच्या नंबरात दोन वेळा सात आहे. बाबा दर रविवारी ते दोन्ही सात अंगठ्याने जोर लावून दाबतात. मला दुखत नाही.