रोशेल गुडघ्यावर बसली तेव्हा

आमच्या हॅकेट गावच्या कॉलेजात बास्केटबॉलचा सामना असला की सुरुवातीचं राष्ट्रगीत ट्रम्पेटवर मी वाजवायचो. एकोणीस वर्षं वाजवलं. त्याआधी बावीस वर्षं लष्कराच्या बँडमध्ये होतो, आणि निवृत्त झाल्यावर आणखी एक काम गळ्यात पडलं: सैनिकाच्या दफनाच्या वेळी बिगूल वाजवायचं. खरा वाजवणारा आता सहसा मिळत नाही. बऱ्याच ठिकाणी बिगुलात एक छोटं यंत्र बसवतात. बटण दाबायचं आणि ओठांना लावून नुसतं उभं राहायचं. मला ते बघवत नाही. त्यामुळे ओहायोच्या या दक्षिण भागात कुठूनही फोन आला की मी गाडी काढतो.

दोन हजार सतराच्या नोव्हेंबरातली गोष्ट. मुलींचा पहिला सामना होता. छातीवर हात ठेवून सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या, मी सुरुवात केली, आणि दुसऱ्या ओळीला रोशेल प्युरिफॉय गुडघ्यावर बसली. दुसऱ्या वर्षाची मुलगी, संघातली सगळ्यात चपळ. टीव्हीवर देशभर तेव्हा हेच चाललं होतं: पोलिसांच्या गोळीला बळी पडणाऱ्या काळ्या माणसांसाठी निषेध म्हणून खेळाडू राष्ट्रगीताला गुडघ्यावर बसत होते. पण टीव्हीवर बघणं वेगळं आणि आपल्या गावात, आपण वाजवत असताना बघणं वेगळं. माझी बोटं थांबली नाहीत. पण कान तापले.

गीत संपायच्या आतच प्रेक्षकांतून आरडाओरडा सुरू झाला. "ऊठ! उभी राहा!" कोणीतरी आईस्क्रीमचा कप भिरकावला. माझा जुना मित्र डेलमार स्टिडहॅम पहिल्या रांगेत होता. आमच्या गावच्या माजी सैनिक संघाचा तो अध्यक्ष. तो ओरडला नाही. शेजारी त्याचा मुलगा वेस्ली कुबडीच्या आधारानं ताठ उभा होता. वेस्लीचा डावा पाय इराकमध्ये राहिला. डेलमार एकदा त्या मुलीकडे बघायचा, एकदा मुलाच्या रिकाम्या पँटकडे.

रोशेलनं त्या दिवशी तेवीस गुण काढले. एकाही टाळीचा आवाज आला नाही.

सामना संपल्यावर मी बाहेरच्या बोळात थांबलो. ती बाकावर बसून घोट्याची पट्टी सोडत होती.

"पोरी, एक विचारू?"

"विचारा, सर." तिनं मान वर केली नाही.

"चारशेच्या वर सैनिकांसाठी मी बिगूल वाजवलाय. शवपेटीवरच्या झेंड्याची घडी करून आईच्या मांडीवर ठेवतात, तेव्हा मी दहा पावलांवर उभा असतो. तू अशी बसतेस, तेव्हा त्या आयांना काय वाटत असेल याचा कधी विचार केलायस?"

"त्यातल्या एकीला काय वाटतं ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "ती माझीच आई आहे."

मी ट्रम्पेटची पेटी खाली ठेवली.

"फेब्रुवारी महिना होता. सार्जंट कॉर्विन प्युरिफॉय, माझा भाऊ. बर्फ पडत होतं, तुम्ही हातमोजे काढून वाजवलंत. तुमचा सहावा सूर फाटला."

खरं सांगतो, त्या कुटुंबातला एकही चेहरा मला आठवेना. फाटलेला सूर मात्र लख्ख आठवला. त्या दिवशी घरी येईपर्यंत मी त्या सुरासाठी स्वतःला शिव्या घातल्या होत्या. कोणाला पुरलं, हे विसरून गेलो होतो.

"अफगाणिस्तानात गेला का?" मी विचारलं.

"अफगाणिस्तानातून धडधाकट आला. सुट्टीवर. चौथ्या दिवशी, आमच्या घरापासून दोन चौकांवर, गाडीचा मागचा दिवा बंद म्हणून पोलिसानं अडवलं. कॉर्विननं ओळखपत्र काढायला खिशात हात घातला, आणि पोलिसानं गोळी झाडली." तिनं पट्टीची गुंडाळी केली, परत सोडली. "लष्कराचंच ओळखपत्र होतं. हातातच राहिलं. त्या पोलिसावर खटलासुद्धा झाला नाही."

तिचं गाव इथून दोन तासांवर. तिथल्या पेपरात काही छापून आलं असेल, हॅकेटमध्ये कोणाला पत्ता नव्हता.

"अगं, मग हे सांग ना सगळ्यांना!" मी म्हणालो. "डेलमार स्वतः येऊन तुझ्या बाजूला उभा राहील."

"म्हणूनच नाही सांगायचं. सांगितलं की मला माफ करतील. सैनिकाची बहीण, बिचारी, बसू दे तिला. आणि जिचा भाऊ सैनिक नव्हता, नुसता टायर बदलायचा, तिनं काय करायचं? तिच्या भावाला गोळी घातलेली चालते?" आता तिनं माझ्याकडे बघितलं. "तुम्हीही सांगायचं नाही. शब्द द्या."

मी दिला. देताना वाटलं होतं, काय मोठंसं, गप्प तर बसायचंय.

पुढचे तीन सामने ती तशीच बसली. कॉलेजला देणग्या देणाऱ्यांची पत्रं आली, तिच्या खोलीच्या दारावर कोणीतरी घाण लिहिलं. शेवटी विश्वस्तांनी डिसेंबरात बैठक बोलावली. खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक भिंतीला टेकून उभे. रोशेल सगळ्यात मागे, कोट न काढता बसली होती.

डेलमार बोलायला उठला. त्यानं कागद आणला नव्हता. "मला या मुलीचा राग नाही," तो म्हणाला. "पण माझा वेस्ली रोज सकाळी उठतो आणि आधी पलंगाला धरून उभा राहतो. त्याला उभं राहायला किती लागतं ते मी बघतो. सामन्याला आला की दोन मिनिटं तो दात आवळून उभा असतो. आणि समोर दोन पाय असलेली मुलगी खाली बसते. मी त्याला काय सांगू?"

तो प्रश्न मी आजही घेऊन फिरतो.

मग मला बोलावलं. गीत मीच वाजवतो, शिवाय माजी सैनिक, म्हणून.

"मी वाजवताना सगळं बघत असतो," मी म्हणालो. "हॉट डॉगच्या रांगेतले लोक रांग सोडत नाहीत. कोणी फोन बघतं, कोणी टोपी काढायला विसरतं. आजवर त्यांच्यासाठी बैठक झालेली मी पाहिली नाही. ही मुलगी पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत झेंड्याकडे बघत असते. पापणी हलत नाही. मी एवढंच पाहिलंय."

"लायमन," डेलमार बसल्या जागेवरून म्हणाला, "ती हे का करते, तुला ठाऊक आहे का?"

मी मागे बघितलं. रोशेलनं अगदी किंचित मान हलवली. नाही.

"ठाऊक आहे. पण ते सांगायचं की नाही, ते तिचं तिनं ठरवायचं."

"म्हणजे तू कोणाच्या बाजूचा आहेस, लेका?"

मी खाली बसलो. एक वाक्य बोललो असतो तर सगळं फिरलं असतं. ते वाक्य जिभेवर होतं, आणि मी ते गिळलं. तोफेच्या आवाजाखाली वाजवताना मला एवढा घाम फुटला नव्हता.

चार विरुद्ध तीन मतांनी ठरलं: उभं राहायचं, नाहीतर संघ सोडायचा. रोशेल पुढे आली, पिशवीतून घडी केलेली जर्सी काढून टेबलावर ठेवली, "थँक यू" म्हणाली आणि गेली. नाताळनंतर ती परत आलीच नाही. डेटन शहरात नर्सिंग शिकायला लागल्याचं नंतर कळलं.

त्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये मीही पुन्हा वाजवलं नाही. आता तिथे रेकॉर्ड लावतात. डेलमारनं माझ्याशी बोलणं टाकलं. दुकानात समोरून आलो तर तो दुसऱ्या रांगेत वळायचा. अशी पाच वर्षं गेली. माजी सैनिक संघाच्या गुरुवारच्या नाश्त्याला माझी खुर्ची होती, तीही मी सोडली.

गेल्या वर्षी रोशेलनं डेटनच्या एका सभेत कॉर्विनची हकीकत स्वतःच सांगितली. त्याच्यासोबत आणखी चौघांची नावं तिनं घेतली, त्यांतला एकही सैनिक नव्हता. पेपरात आलं. म्हणून मला आता सांगायची मोकळीक आहे.

ज्या दिवशी आलं, त्याच दिवशी दुपारी डेलमार माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. म्हातारा झालाय. मी खुर्ची दिली, तो टेकला.

"तुला तेव्हाच ठाऊक होतं."

"हो."

"मला कानात सांगितलं असतंस तर मी तिच्या बाजूनं बोललो असतो रे."

"ते मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं."

तो टोपी हातात फिरवत बसला. "आणि भाऊ सैनिक नसता, तर मी जे केलं तेच केलं असतं," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू."

मी कॉफी आणायला आत गेलो. बाहेर आलो तर तो विचारत होता, तिचा पत्ता मिळेल का. मी कागदावर लिहून दिला. त्यानं चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि खिशात ठेवला. पत्र लिहिलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.