तिसावं मूल

माझं काम तान्ह्या मुलांच्या डोक्यावर टोपी चढवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण टोपीला वायरींचं जंजाळ असतं आणि मूल एक तर भोकाड पसरतं, नाहीतर वायर तोंडात घालतं. टोपी बसली की आम्ही त्याला घरच्यांचे आणि परक्यांचे आवाज ऐकवतो, आणि मेंदू कुठल्या आवाजाला काय उत्तर देतो त्याचा आलेख निघतो. आलेख आमच्या डॉक्टरबाई वाचतात. मी फॉर्म भरते, टोप्या धुते आणि रडणाऱ्यांना खुळखुळा वाजवून दाखवते.

माझी थोरली बहीण भिंगरीला घेऊन माझ्याकडे आली तेव्हा पोरगी सव्वा वर्षाची होती. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. ताई दुसऱ्या देशातून, नवऱ्याच्या घरातून आली होती. भावोजींनी स्वतः विमानतळावर सोडलं होतं. "जा, कायमची जा," असं म्हणाले होते, पण तोंडी. आठ महिने होऊन गेले तेव्हा त्यांनी अर्ज टाकला, की बायको दोन महिन्यांसाठी माहेरी गेली आणि माझं मूल पळवलं.

वकीलबाईंनी आम्हाला समोर बसवून सगळं सांगितलं. दोन्ही देशांमध्ये करार आहे. मूल ज्या देशात राहणारं, तिथल्याच कोर्टाने ते कुणाकडे राहील ते ठरवायचं. इथला कायदा लहान मूल आईपासून तोडत नाही. तिथला कायदा दोन वर्षं झाली की मूल बापाच्या हवाली करतो. भिंगरीला दोन वर्षं पूर्ण होऊन नऊ दिवस झाले होते. म्हणजे प्रश्न एकच होता, ताई इथे राहायला आली होती की पाहुणी म्हणून. पाहुणी ठरली तर भिंगरी गेली.

"ती इथे रुळलीय, हे दाखवणारं काहीतरी हवं," वकीलबाई म्हणाल्या.

मला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे. "आमच्या लॅबमध्ये आहे की!" मी म्हणाले. "तिचे तीन आलेख आहेत. पहिल्यात इथले आवाज तिला परके आहेत. तिसऱ्यात घरचे झालेत. कुणीही बघून सांगेल."

वकीलबाईंचा चेहरा उजळला. ताईने तर माझा हात दोन्ही हातांत धरला. मी सुद्धा जरा फुशारलेच.

"फक्त एक आहे," वकीलबाई म्हणाल्या, "फाईल अख्खी जाते. आवडतं पान ठेवलं, नावडतं काढलं, असं चालत नाही. आणि एक प्रत समोरच्या वकिलांना."

मंगळवारी दुपारी मी प्रती काढायला कपाटातून फाईल काढली. पहिल्या पानावर माझंच अक्षर होतं. ते वाचलं आणि मी फाईल पटकन मिटली.

त्या अभ्यासाला तीस मुलं हवी होती, आणि गेल्या वर्षभरात घर न बदललेलीच मुलं चालणार होती. एकोणतीस मिळाली होती. डॉक्टरबाई रोज विचारायच्या, तिसावं कधी? सगळ्याच लॅबवाल्या भाचे-पुतणे पकडून आणतात, तशी मी भिंगरीला नेली. घर बदललं आहे का? नाही. सध्याचा मुक्काम? मावशीकडे, पाहुणी, दोन महिने. खाली माझी सही. ताईने संमतीच्या कागदावर तेवढी सही केली होती, हे पान तिने पाहिलंही नव्हतं.

मी झेरॉक्स मशीनपाशी उभी राहिले. अजूनही वकीलबाईंना फोन करता आला असता. त्यांनी फाईल दिलीच नसती. पण त्यांनी कारण विचारलं असतं, ते डॉक्टरबाईंच्या कानावर गेलं असतं, तीस मुलांचा अभ्यास पाण्यात आणि माझी नोकरीही. मी मनाला समजावलं, पहिलं पान कोण वाचतं? सगळे आलेखच बघतात. मग मी प्रती काढल्या, टाचण्या मारल्या आणि देऊन टाकल्या.

गुरुवारी कोर्टात मी ताईच्या मागे बसले होते. भिंगरी माझ्या मांडीवर, माझ्या चष्म्याशी झटापट करत होती. समोरचे वकील वयस्कर होते, अंगठा ओला करून पानं उलटत होते. त्यांनी तिसरा आलेख पाहिला, दुसरा पाहिला. ते शेवटाकडून सुरुवातीकडे चालले होते. भिंगरीला मी इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली. मग त्यांचा अंगठा थांबला, आणि ते हळूच हसले.

पान न्यायाधीशबाईंकडे गेलं. मला उभं केलं.

"हे अक्षर तुमचं?"

"हो."

"म्हणजे बहीण दोन महिन्यांसाठी आली होती."

"नाही मॅडम. ती कायमची आली होती. मी खोटं लिहिलं. आम्हाला एक मूल कमी पडत होतं."

कोर्टात कुणीतरी खुसकन हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला.

"एका मुलासाठी तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग बहिणीसाठी आज खोटं बोलत नाही आहात, हे मी कशावरून मानू?"

मी परत जागेवर येऊन भिंगरीला मांडीवर घेतलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल आला. मुलाचं राहतं घर तिकडचं. चौदा दिवसांत परत पाठवावं.

बाहेरच्या लांब बाकावर ताई बसली होती. रडत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. वकीलबाई अपिलाचं काहीतरी सांगत होत्या, ती मान हलवत होती. त्या गेल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं.

"ते पान तू कधी पाहिलंस?"

आत्ता, तिथेच, असं म्हणता आलं असतं. तिने विश्वास ठेवला असता. ती लहानपणापासून माझ्यावर विश्वास ठेवत आलीय.

"परवा," मी म्हणाले. "दुपारी. प्रती काढताना."

ताई उठली. माझ्या कडेवर भिंगरी पेंगत होती. ताईने तिला माझ्याकडून काढून घेतलं.