कावळ्याच्या तळ्यावरचा फोटो

रेजां आणि सोलांज एकमेकांशी बोलत नाहीत, हे आमच्या सेंत-अग्लाए या खाणीच्या गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. घटस्फोटाला बरीच वर्षं उलटली होती. रेजां मुलींच्या आइस हॉकी संघाचा कोच. सोलांज गावातली एकुलती एक फोटोग्राफर. आणि त्यांची मुलगी फाबिएन आमची कॅप्टन. गाव सोडून जावं तर दोघांचंही दुसरीकडे कुणी नव्हतं, आणि गावात राहावं तर रोज एकमेकांचं तोंड बघावं लागायचं. त्यातून दर हिवाळ्यात संघाचा ग्रुप फोटो यायचा.

"फाबिएन, तुझ्या बापाला सांग, दोन पावलं डावीकडे."

बाप चार हातांवर उभा असायचा. त्याला ऐकू आलेलं असायचं. तरी तो ढिम्म हलायचा नाही.

"पपा, डावीकडे," फाबिएन म्हणायची. मग तो सरकायचा.

"तुझ्या आईला विचार, अजून किती वेळ? पोरींचे पाय गारठलेत."

"ममा, किती वेळ?"

"त्याला म्हणावं, बर्फातला फोटो आहे, पासपोर्टचा नाही."

आम्ही खाली मान घालून फिदीफिदी हसायचो. फाबिएन हसायची नाही. मी गोलकीपर, फोटोत तिच्या पायाशी गुडघ्यावर बसायचे, त्यामुळे तिच्या हाताच्या आवळलेल्या मुठी मला नाकासमोर दिसायच्या.

त्या वर्षी क्लबला भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता, मागे खाणीचा उंच मनोरा आणि पुढे आम्ही. तसा मनोरा फक्त कावळ्याच्या तळ्यातल्या बेटावरून दिसतो. बेटावर माझ्या ओनेझिमकाकाची मासेमारीची खोपटी होती. जेवण झाल्यावर काका आणि कोच यांनी आपापल्या स्नोमोबाईलला घसरगाड्या बांधल्या आणि आम्हा सगळ्यांना, सोलांजला आणि तिच्या सामानाला गोठलेल्या तळ्यावरून बेटावर आणून सोडलं. काका अंधार पडायच्या आत परत न्यायला येतो म्हणाला आणि गेला. तेव्हा आमच्या भागात मोबाईल पोचले नव्हते.

सोलांजचं काम बघण्यासारखं असायचं. बर्फात उजेड चहूकडून अंगावर येतो, खालूनसुद्धा, पण हेल्मेटखालचे चेहरे मात्र काळवंडतात. सूर्याकडे तोंड करून उभं केलं तर सगळ्यांचे डोळे मिचमिचतात. म्हणून ती सूर्य आमच्या पाठीशी ठेवायची आणि पुढून दोन्ही बाजूंनी दोन मोठे फ्लॅश लावायची. त्यांचे स्टँड बर्फात रुतू नयेत म्हणून तिनं मासेमारीच्या गिरमिटानं बर्फात भोकं पाडली, पाय आत रोवले आणि वरून पाणी ओतलं. पाणी बघता बघता गोठलं. फ्लॅशच्या बॅटऱ्या थंडीत मान टाकतात, म्हणून विटेएवढ्या बॅटऱ्या तिनं आमच्या कोटांत पोटाशी ठेवायला दिल्या होत्या. "बाळासारख्या सांभाळा," ती म्हणाली. "श्वास रोखा! नाहीतर वाफेनं तोंडं झाकतील."

आम्ही श्वास रोखला. ती बटण दाबणार, तेवढ्यात मागचा मनोरा नाहीसा झाला.

मी वळून बघितलं. खाणीकडून एक पांढरी भिंत तळ्यावरून सरकत येत होती. वारा पोचला तसा एक स्टँड कमरेत वाकला. कोच ओरडला, "खोपटीत! सगळ्या!" सोलांजनं फ्लॅश स्टँडवरून उपटून बरोबर घेतले.

खोपटी चार माणसं आणि त्यांच्या बाटल्यांसाठी बांधलेली. आम्ही अख्खा संघ, कोच आणि सोलांज त्यात शिरलो आणि दार लावलं तेव्हा कुणाला हात उचलायलाही जागा उरली नाही. मध्ये लोखंडी शेगडी. कोपऱ्यात लाकडं, फार नाहीत.

कोचनं एकदा बाहेर जाऊन स्नोमोबाईल चालू करून पाहिली. ती बेटापासून थोडी पुढे गेली आणि रुतली. वरच्या बर्फाच्या वजनानं खालचं पाणी वर येतं, आणि वरून पांढरंशुभ्र दिसणारं सगळं आत खिचडी असतं. तो गुडघ्यापर्यंत भिजून परत आला.

"तबर्नाक," त्यानं शिवी हासडली, आणि दाराला टेकून बसला.

ओनेझिमकाका येणार नव्हता. अशा वाऱ्यात कुणीच येणार नव्हतं. हे सगळ्यांना कळलं. मारिलूनं थर्मासमधलं वाटाण्याचं सूप झाकणात ओतून फिरवलं. एकेक घोट आला. खिडकीबाहेर आधी राखाडी, मग निळं, मग काही नाही. कुणी हललं की सगळ्यांनाच हलावं लागायचं. माझ्या पाठीला कुणाचं तरी कोपर, गुडघ्यावर कुणाची तरी हनुवटी. श्वासानं भिंती ओल्या झाल्या. मला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायलाही छाती फुगवायला जागा लागते.

"फाबिएन," कोच म्हणाला, "तुझ्या आईला सांग, लाकडं रात्रभर पुरायची नाहीत. मी चालत किनाऱ्यावर जातो."

फाबिएननं शेगडीत एक लाकूड सारलं.

"फाबिएन," सोलांज म्हणाली, "तुझ्या बापाला सांग, वेडेपणा करू नको."

फाबिएन शेगडीकडे बघत होती. मग ती अशा आवाजात बोलली की मला तो तिचा वाटलाच नाही.

"मी नाही सांगणार. तुमचे गुडघ्याला गुडघे लागतायत! मला रिमुस्कीच्या कॉलेजनं संघात घेतलं होतं, माहितीये? मी नाही म्हटलं. का? मी गेले तर तुम्ही बोलणार कुणाकरवी? बाराव्या वर्षापासून मी तुमची पोस्टमन आहे. बस्स झालं."

शेगडीत एक लाकूड तडकलं. आम्ही सगळ्या दुसरीकडे बघायला लागलो, पण तिथं दुसरीकडे नव्हतंच काही.

मग सोलांज थेट रेजांकडे बघून बोलली. आम्ही ते पहिल्यांदाच ऐकत होतो. "तुझे पाय भिजलेत. तू कुठेही जायचं नाहीस."

"मग काय, इथं बसून पोरी गोठताना बघू?"

"जळायला बाकं आहेत, खाट आहे. दार सोडून सगळं जाळता येतं. डोकं वापर."

"तुझं डोकं वापरून वापरून तर मी इथवर आलो, सोलांज."

"मग जा. जाण्यात तू पहिल्यापासून पटाईत."

तो उठला. टोपी घातली, हातमोजे घातले, कंपास खिशात घातला. फाबिएननं त्याची बाही धरली, "पपा, नको ना." त्यानं ती हळूच सोडवली. दार उघडलं तसा बर्फाचा लोट आत आला, आणि दार लागलं तेव्हा त्याच्याइतकी जागा खोपटीत मोकळी झाली होती. तिथं कुणी सरकलं नाही.

सोलांज तोंडावर हात ठेवून बसली होती. शेवटी ती म्हणाली, "हे मी का बोलले?" कुणाला विचारलं कोण जाणे. लगेच ती उठली. "बॅटऱ्या. कुणाकुणाकडे आहेत?"

बॅटऱ्या अजून आमच्या पोटाशीच होत्या, कोमट. तिनं एक फ्लॅश उचलला, मला आणि फाबिएनला घेऊन बाहेर आली. वाऱ्यानं उभं राहवेना. तिनं फ्लॅश तळ्याच्या दिशेनं धरला आणि बटण दाबलं. समोर एकदम पांढरी भिंत उभी राहिली आणि आमचेच डोळे दिपले.

"असं नाही," ती ओरडली, "जवळचा बर्फच सगळा उजेड खातोय. वर! छपरावर!"

मी फाबिएनला खांदा दिला. तिनं फ्लॅश धुरांड्याच्या नळीला पट्ट्यानं बांधला, तोंड आभाळाकडे. वायर दाराच्या फटीतून आत घेतली. सोलांजनं दाबलं, आणि खोपटीवरचा सगळा उडता बर्फ आतून पेटल्यासारखा उजळला, आणि विझला.

आत आल्यावर प्रश्न पडला की किती वेळानं दाबायचं. घाईनं दाबलं तर बॅटऱ्या संपतील. फार थांबलं तर कोच वाट चुकेल. घड्याळ मारिलूकडे होतं, पण त्याच्या काचेत आतून वाफ धरली होती, काटे दिसेनात. तेव्हा आमची सगळ्यांत धटिंगण डिफेंडर कोरीन म्हणाली, "माझी आजी अंडी उकडताना 'नमो मरिये' म्हणते. तेवढ्यावर मोजते."

आमच्यातल्या निम्म्याजणी चर्चला फक्त लग्नाला जायच्या. पण ती प्रार्थना सगळ्यांना येत होती. सगळ्या मिळून म्हणायचो, संपली की फाबिएन बटण दाबायची. तिनं ते दुसऱ्या कुणाला दाबू दिलं नाही. बॅटरी मंदावली की सोलांज ती काढून शेगडीजवळ बसलेलीच्या कोटात घालायची आणि दुसरीच्या पोटाशी गरम झालेली जोडायची. लाकडं संपली, तेव्हा आम्ही बाक फोडलं. प्रार्थना म्हणता म्हणता शब्दांचा अर्थ निघून गेला, नुसता सूर राहिला. एकदा कुणीतरी मध्येच रडायला लागली. आम्ही तिचे शब्दही म्हटले आणि पुढे गेलो.

"माझ्यामुळे गेला तो," फाबिएन मला म्हणाली, बटणावरचं बोट न हलवता. "मी गप्प बसले असते तर..."

"तू गप्प बसली होतीस इतकी वर्षं," मी म्हणाले. "काय झालं त्यानं?"

दारावर धप्प आवाज झाला तेव्हा आम्हाला वाटलं, वाराच. कोरीननं दार ओढलं. रेजां हातागुडघ्यांवर होता. दाढी, भुवया, टोपी, सगळं एकच बर्फाचं ढेकूळ. आम्ही त्याला आत ओढलं.

तो बोलायला लागला तेव्हा आधी शब्द फुटेनात. आमच्याच गाडीचा माग धरून तो निघाला होता. माग बुजला. खिचडीत पुन्हा पाय गेला, कंपास कुठे पडला ते कळलं नाही. गोल गोल फिरत राहिला. "मग सगळं पांढरं झालं. मला वाटलं, मेलो. मग काळं झालं. पुन्हा पांढरं. एका बाजूला जरा जास्त पांढरं. तिकडे रांगलो."

सोलांजनं त्याचे बूट कापून काढले. बोटं मेणासारखी पिवळट, कडक. कोरीन चोळायला पुढे झाली. "चोळू नको!" सोलांज खेकसली. तिनं कोटाची बटणं सोडली, स्वेटर वर केला आणि त्याचे दोन्ही पाय आपल्या उघड्या पोटावर दाबून धरले. तिच्या तोंडून हुंदक्यासारखा एक आवाज निघाला, थंडीनं की कशानं, देव जाणे. त्यानं डोळे मिटले. ऊब लागली तसे ते पाय दुखायला लागले आणि तो लहान मुलासारखा ओरडला.

"ओरड," ती म्हणाली. "ओरडतोयस म्हणजे पाय जिवंत आहेत."

"तुझं पोट अजून तसंच गरम आहे."

"तोंड बंद ठेव, रेजां. पोरी आहेत."

पोरी होत्या. हातभर अंतरावर, सगळ्या. बघायला दुसरी जागा नव्हती, म्हणून आम्ही बघितलं. फाबिएन आईच्या पाठीला पाठ लावून बसली आणि लगेच झोपली, वायर हातातच.

उजाडताना वारा पडला. ओनेझिमकाका आणि गावातली माणसं आली. काका आधी नुसता मला हलवून हलवून बघत राहिला. मग म्हणाला, "माझं बाक जाळलंत होय गं?" आणि रडायला लागला.

रेजांच्या उजव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. त्या वर्षी भिंतीवर जुनाच फोटो राहिला. संघ उपांत्य फेरीत हरला, आणि तो पराभव माझा होता, शेवटचा पक, ती रबरी चकती, माझ्या पायांमधून गेला.

रेजां आणि सोलांज पुन्हा एकत्र आले का? गावातल्या बायका तेवढंच विचारतात. नाही आले. ती तिच्या घरात, तो त्याच्या. पण किराणा दुकानात उभ्या उभ्या भांडायला लागले, मोठ्यानं आणि थेट. भांडण बटाट्यांवरून सुरू व्हायचं आणि कुठल्याकुठे जायचं. लोक बिल द्यायचं सोडून ऐकायचे.

रिमुस्कीनं फाबिएनला पुन्हा घेतलं. ऑगस्टमध्ये ती बसनं निघाली, तेव्हा तिला सोडायला मी गेले होते, आणि तेही दोघं, वेगवेगळे आले. तिनं आधी आईला मिठी मारली, मग बापाला, मग मला, आणि माझ्या कानात म्हणाली, "मला जाम भीती वाटतेय." "मला पण," मी म्हणाले. ती हसली आणि चढली. खिडकीतून तिनं मागे वळून बघितलं नाही. वाईट वाटलं मला, पण बरंही वाटलं.

बस वळली. रेजां लंगडत रस्त्याला लागला. सोलांजनं गाडीची काच खाली केली.

"बस गाडीत. सोडते."

"चालत जाईन."

"नीट चालता येतं का तुला?"

तो थांबला. पायाकडे बघितलं. "नाही," म्हणाला, आणि दार उघडून बसला.

मी सायकल काढली. संध्याकाळी सराव होता, आणि आता कॅप्टन मी होते.