शिट्टी मारणारी चार कार्डं

पारा: पंचेचाळीस पूर्णांक दोन.

वटवाघळाचे पंख: जुन्या छत्रीचं कापड, दोन्ही हातांत धरून, मनगटातून झटकायचं.

मे महिन्यात घराबाहेर पडायचं तर डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. कांदा लू ओढून घेतो. कसा, ते विचारायचं नाही.

फ्रिजवर चिकटवलेला कागद: "कूलर बंद असेल तेव्हा कोणी बोलू नये, शिंकू नये, कुकर लावू नये." त्याखाली दुसऱ्या अक्षरात: "मंग जगावं का?"

एक पेचकस. पिवळ्या मुठीचा, हातभर लांब. त्यानं जन्मात स्क्रू कमी फिरवले आणि ऐकलंच जास्त.

सोमवार, सकाळी दहा.

आता एकेक तुकडा जागेवर बसवू.

सोमवार भूमिका भोयरचा. एका कार्टून मालिकेच्या पहिल्या भागाचा सगळा आवाज तिला सोमवारी दहाच्या आत पाठवायचा होता. सात मिनिटं, आईपासून चुकलेलं वटवाघळाचं पिल्लू, त्याचे पंख, त्याचं जंगल. भाग पसंत पडला तर उरलेले बारा तिचेच, आणि मग मानकापूरच्या घराच्या मागच्या खोलीत बसून ती वर्षभर जंगलं उभी करणार होती. नाही पडला तर पुण्याहून आलेलं नोकरीचं पत्र मेलमध्ये होतंच. तिथं दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या होत्या. आणि गुरुवारी, भर दुपारी, तिच्या जुन्या कॉम्प्युटरनं एक लांब सुस्कारा टाकून डोळे मिटले.

नवा घ्यायचा तर अटी दोन, आणि दोघी एकमेकींच्या सवती. कॉम्प्युटर ताकदवान हवा, कारण दोनशे आवाज एकाच वेळी चालवायचे, वर आवाजातली घरघर पुसणारं सॉफ्टवेअर चालवायचं, आणि त्याला ग्राफिक्स कार्डसुद्धा दांडगं लागतं. शिवाय तो गप्प हवा, कारण ज्या खोलीत कॉम्प्युटर त्याच खोलीत माइक. रेकॉर्डिंग करायचं म्हणजे कूलर बंद. कूलर बंद की खोलीची भट्टी. खोलीची भट्टी झाली की कॉम्प्युटरचे पंखे पिसाळणार, आणि वटवाघळाच्या जंगलात पिठाची गिरणी सुरू होणार.

शुक्रवारचा दिवस तिनं वाचण्यात घालवला आणि त्यात तिला एक भूत भेटलं. चांगली चांगली ग्राफिक्स कार्डं कधीकधी जोर पडला की बारीक किंचाळतात. पंख्यामुळे नाही, आतल्या तारेच्या वेटोळ्यांमुळे. कुठलं किंचाळेल ते खोक्यावर लिहिलेलं नसतं. घ्यायचं, लावायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. त्या भुतानं तिच्या डोक्यात असं घर केलं की तिला सकाळी चहाचं आधणसुद्धा किंचाळताना ऐकू आलं.

पेचकस नत्थूजींचा, म्हणजे तिच्या बाबांचा. खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्यांनी चौतीस वर्षं पंप, मोटारी आणि घराएवढे पंखे सांभाळले. पेचकसाचं टोक चालत्या यंत्रावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबायची, की आतल्या बेअरिंगची खुशाली थेट कवटीत कळते. त्या चौतीस वर्षांनी त्यांचा उजवा कान पुरता नेला आणि डावा निम्मा. डाव्या कानामागे बसणारं श्रवणयंत्र घेऊन वर्ष झालं होतं, पण त्याचं आणि नत्थूजींचं जमत नव्हतं. त्यातून वरणाचा भुरका धबधब्यासारखा ऐकू येतो, अशी त्यांची तक्रार होती, आणि शामलाबाई प्रेमानं बोलली तरी भांडल्यासारखी वाटते. शामलाबाई, त्यांची बायको, म्हणायची की यंत्र बरोबर आहे.

शनिवारी मात्र त्यांनी यंत्र निमूट लावलं, कान झाकून दुपट्टा बांधला, कांदा खिशात टाकला आणि स्कूटीवर मुलीच्या मागे बसले. पेचकस दोघांच्या मधे उभा, तिसऱ्या सवारीसारखा.

जरीपटक्याच्या बाजारात रोशनचं दुकान पहिल्या मजल्यावर, चहूकडून काच, आत एक कूलर आणि एक लांब टेबल. रोशन पार्ट नुसते विकत नसे, टेबलावर उघडे मांडून, जोडून, चालवून दाखवत असे. नत्थूजींना हे फार आवडलं. यंत्र बसवण्याआधी ट्रायल घेणारा माणूस त्यांना सेवानिवृत्तीनंतर पहिल्यांदाच भेटला होता. त्यांनी खुर्ची नाकारली.

प्रोसेसर. नत्थूजींनी एकच प्रश्न विचारला, गरम किती होते. रोशननं खोक्यावरचा आकडा दाखवला, पासष्ट वॅट. म्हणजे एक जुना बल्ब, नत्थूजी म्हणाले, आणि पास केला.

मदरबोर्ड. तळहातावर तोलला. पास.

रॅम. दोन प्रकारची होती, एक साधी आणि एक रंगीबेरंगी उजळणारी. उजेडानं काम जलद होतं का, असं त्यांनी विचारलं. रोशन प्रामाणिक निघाला. साधी घेतली.

पॉवर सप्लाय. इथं जुंपली. रोशनच्या हिशेबानं साडेपाचशे वॅटचा पुरत होता. नत्थूजींना हजाराचा हवा होता. जे यंत्र अर्ध्या ताकदीवर चालतं तेच रिटायर होईपर्यंत चालतं, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक मोठा मागतंय आणि दुकानदार लहान घ्या म्हणून गयावया करतोय, असं दृश्य जरीपटक्यात रोज दिसत नाही. शेवटी हार मानून रोशननं हजाराचं खोकं उलटं करून वाचलं, तर त्यावर छापलेलं: भार निम्म्याहून कमी असेल तर याचा पंखा फिरतच नाही. म्हणजे पुरता गप्प. भूमिकानं बाबांकडे पाहिलं. त्यांनी हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं असा चेहरा केला. ठाऊक नव्हतं.

पंखे. सतरा पाहिले. प्रत्येकाला वीज दिली, प्रत्येकाला हातात धरून उभ्यानंच पेचकस लावला. तीन घेतले, मातकट रंगाचे, दिसायला गरीब. उरलेल्या चौदांचं चारित्र्य त्यांनी रोशनला एकेक करून सांगितलं, आणि रोशननं ते खरोखर एका कागदावर लिहून घेतलं.

आता ग्राफिक्स कार्ड.

पहिलं कार्ड टेबलावर बसलं. नीट ऐकू यावं म्हणून रोशननं दुकानाचा कूलर बंद केला. काचेच्या खोलीत ऊन लगेच येऊन बसलं. कार्डावर पूर्ण जोर टाकला. नत्थूजी कमरेत वाकले, पेचकसाचं टोक कार्डाच्या कडेला टेकवलं, मूठ दुपट्ट्याखाली सरकवून कानामागे दाबली आणि डोळे मिटले.

ईईईईईईई.

भूमिकानं ते लगेच ओळखलं. तेच भूत. बारीक, उंच, सुईसारखं. रोशननंही ऐकलं, त्याचा हात आपोआप मानेमागे गेला.

"देवमाणूस आहे," नत्थूजी डोळे न उघडता म्हणाले. "घेऊन टाक वं."

"बाबा, शिट्टी वाजून राहिली."

"काय?"

"शिट्टी."

"नाही वाजून राहिली."

रोशननं जोर काढला. नत्थूजी सरळ उभे राहिले. शिट्टी थांबली. याहून मोठा पुरावा तो कोणता.

दुसरं कार्ड. कूलर बंद, जोर चालू, नत्थूजी वाकले. ईईईई. जोर बंद, नत्थूजी उभे, शांत. बाबांचा निकाल: हा तर पहिल्याचा सख्खा भाऊ.

रोशनकडे तिसरं नव्हतं. त्यानं खाली गिरिधरभाऊंच्या दुकानात फोन केला. गिरिधरभाऊ कार्ड घेऊन स्वतःच जिना चढून आले. चाळीस वर्षांच्या धंद्यात आपल्या मालानं कधी तोंड उघडलं नाही, हे त्यांना समक्ष दाखवायचं होतं. त्यांच्या मागोमाग जिन्यावर पाचसहा जण उगाचच आले. कूलर बंद झाला. सगळ्यांनी श्वास धरला. नत्थूजी वाकले.

ईईईईईई.

गिरिधरभाऊ आपल्या कार्डाकडे असे पाहत राहिले, जसं घरचं पोर पाहुण्यांसमोर शिवी देऊन मोकळं व्हावं. जिन्यावर कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग ते लागण झाल्यासारखं आत पसरलं. रोशन तोंडावर रुमाल धरून टेबलाखाली वाकला. भूमिकालाही हसू फुटत होतं, पण त्या हसण्याच्या पोटात सोमवार होता, आणि घड्याळात शनिवारचे अडीच वाजले होते.

नत्थूजी मात्र चिडले. तीन कार्डांना त्यांनी स्वच्छ दाखला दिला होता आणि तिन्ही दाखले लोक हसून फाडत होते. चौतीस वर्षांत आपलं बेअरिंग चुकलं नाही, असं ते रोशनला, गिरिधरभाऊंना आणि जिन्यालाही सांगू लागले. पेचकसाला लागत नाही म्हणजे आवाज नाही.

घामानं भूमिकाचे डोळे चुरचुरत होते. जे कधी म्हणायचं नाही असं तिनं ठरवलेलं होतं, ते तिच्या तोंडून निघून गेलं.

"बाबा, तुम्हाले ऐकू येत नाही ना."

हसणं थांबलं.

"हाडाले येते," नत्थूजी म्हणाले. अगदी हळू.

गिरिधरभाऊंनी घाईघाईनं शोकेसमध्ये ठेवलेलं आपलं सगळ्यात भारी कार्ड मागवलं. चौथं. ते दोन हातांनी उचलावं लागे. लावलं. कूलर बंद. जोर. नत्थूजी एकवार मुलीकडे पाहून वाकले, या वेळी नेहमीपेक्षा जरा जास्तच.

ईईईईईईईईईई

आणि लाइट गेली.

पंखे थांबले. स्क्रीन काळी झाली. रोशनच्या यूपीएसची बॅटरी मार्चपासून मेलेलीच होती. खालच्या मजल्यावरचा रेडिओ बंद पडला, शेजारचं झेरॉक्स बंद पडलं, सगळा जरीपटका एका क्षणी गप्प झाला. आणि त्या गप्पपणात,

ईईईईईईईईईई.

चारही कार्डं टेबलावर होती. एकातही वीज नव्हती. गिरिधरभाऊंनी छताकडे पाहिलं. रोशननं स्वतःचा फोन कानाशी धरून हलवला.

भूमिकानं डोळे मिटले. आवाज कुठून येतो ते शोधणं, हाच तर तिचा धंदा. तिनं मान एकीकडे केली, दुसरीकडे केली, मग कान पुढे करून दोन पावलं टाकली, आणि तो कान बाबांच्या सदऱ्याला जाऊन टेकला.

"खिशात काय आहे?"

ते तिच्या तोंडाकडे पाहून समजले. "कांदा."

तिनं खिशात हात घातला. आधी कांदा निघाला. त्याच्यामागून कांद्याच्या सालीत गुरफटलेलं श्रवणयंत्र निघालं, जिवंत, चालू, बिचारं आपलाच आवाज आपणच ऐकून केकाटणारं. तळहात उघडा ठेवला की ते गप्प बसे. मूठ मिटली की ईईई. नत्थूजी वाकले की खिसा आवळत होता, कांदा त्याच्यावर बसत होता, आणि ते बोंब मारत होतं. सरळ झाले की सुटका.

"काखेत कळसा," गिरिधरभाऊंनी सुरुवात केली, पण पुढचं त्यांना हसण्यात जमलं नाही. भूमिका चौथ्या कार्डाच्या खोक्यावर बसणार होती. रोशननं खोकं वेळेवर ओढलं, म्हणून ती फरशीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. जिना हसत होता. एकटे नत्थूजी पेचकस धरून उभे होते. मग तिनं उठून, त्यांच्या डाव्या कानाशी ओठ नेऊन, सगळं सांगितलं.

त्यांनी नीट विचार केला.

"म्हणजे मी वाजून राहिलो होतो?"

"चार वेळा."

"मंग पह्यलं कार्ड चांगलंच होतं."

"हो बाबा."

"दुसरं बी?"

"दुसरं बी. सगळेच."

नत्थूजींनी गिरिधरभाऊंकडे पाहिलं. गिरिधरभाऊंनी हात जोडले.

"पण तुम्ही ते काढलं काहून?" भूमिकानं विचारलं. तिला वाटलं होतं, उत्तर वरणाच्या भुरक्याचं येईल.

त्यांनी दुपट्टा वर केला आणि कानामागच्या हाडावर बोट ठेवलं. तिथं वर्षानुवर्षांच्या मुठीनं एक गुळगुळीत खळगी पाडली होती.

"यंत्र बी इथंच बसते, पेचकस बी इथंच. जागा एकच हाय. तुह्यासाठी ऐकाचं होतं, मंग जिन्यातच काढून ठेवलं."

तिनं पिशवीतून आपला छोटा रेकॉर्डर काढला, चालू केला, यंत्र आणि कांदा दोन्ही बाबांच्या तळहातावर परत ठेवले, आणि त्यांची मूठ मिटून, उघडून दाखवली, असं, असं. अकरा दिवस ती वटवाघळाच्या पिल्लाचा आवाज शोधत होती. फुगे घासून झाले होते, चमचे, काचा, रबर, स्वतःचा गळा. आता वीज नसलेल्या जरीपटक्यात, पाचसहा माणसं श्वास रोखून उभी असताना, नत्थूजींच्या मुठीत ते पिल्लू आईला हाका मारत होतं. ई. ईई. थांबून, घाबरून, पुन्हा ई. लाइट येईपर्यंत चार मिनिटं मिळाली.

कार्ड पहिलंच घेतलं.

रविवारी दुपारी मागच्या खोलीत कूलर बंद, दार बंद, कॉम्प्युटर पूर्ण जोरावर. भूमिकानं एक मिनिट नुसती खोली रेकॉर्ड केली. स्क्रीनवर रेघ सरळ, मेलेल्या सापासारखी. नत्थूजींनी कॅबिनेटला पेचकस लावला, बराच वेळ ऐकलं आणि शेवटी खुणेनं विचारलं, चालू आहे ना?

सोमवारी पावणेदहाला फाइल गेली. बुधवारी उत्तर आलं: उरलेले बारा भाग तिला, आणि पिल्लाचा आवाज नेमका कशानं काढला तेही कळवावं. तिनं एका शब्दात कळवलं, कांदा. त्यांना ती थट्टा वाटली. पुण्याला नकार पाठवताना नत्थूजी यंत्र लावून शेजारी बसले होते आणि टाइप करण्याचा आवाज फार होतो म्हणून कुरकुरत होते.

ते यंत्र त्या शनिवारच्या आधी सेल संपून दहा दिवस बंद पडलेलं होतं. शनिवारी सकाळी घरून निघताना त्यात नवा सेल भूमिकानंच घातला होता.