नाव अजून ऐकू येतंय

म्युझिक लेबलवाल्यांनी माझं डोकं पार पिकवलं होतं. आधी तर संगीत पाठवलं तरी उत्तरच नाही. एकदाचं मुंबईहून एक आलं: ट्रॅक उत्तम, घेऊ, पण त्यावरचं नाव हटवा.

आता त्यात चूक माझीच. आमच्या चंद्रपुरात डीजेनं ट्रॅक बाहेर सोडला की त्यात मधूनमधून त्याचं नाव गरजतंच, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुसराच कोणी तो आपला म्हणून वरातीत वाजवतो. माझी बहीण नाहीद, तिच्या आवाजात ‘डीजे जाहिद, चंद्रपूऽऽर!’ एवढं भरून ठेवलेलं होतं. माजरीच्या खाणीतला कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याचा खडखडाट तालात बसवून मी हा ट्रॅक केला, माझा सगळ्यात चांगला, आणि सवयीनं तेही त्यावर टाकून बसलो. मुकाट्यानं काढलं, पुन्हा पाठवलं.

उत्तर आलं: नाव अजून ऐकू येतंय.

डोंबल ऐकू येतंय! कान दुखेस्तोवर ऐकलं, नव्हतंच. माझ्यासोबत स्पीकर लावणाऱ्या रोशनला ऐकवलं.

“हाय ना भाऊ. मांगून, हळूच,” तो म्हणाला. “तुले काऊन ऐकू नाई येऊन राह्यलं?”

त्यानं सांगितलं तिथं तिथं कापलं. तरी अजून आहे. अख्खा ट्रॅक नव्यानं बांधला, तरी अजून आहे. इतक्या वर्षांनी एक दार उघडलं तर त्याची ही तऱ्हा. जीव नुसता विटून गेला. शेवटी चिडून नाहीदचं ते मूळ रेकॉर्डिंगच कॉम्प्युटरमधून, मोबाइलमधून, जिथं जिथं होतं तिथून पुसून टाकलं आणि ट्रॅक पाठवून दिला.

जटपुरा गेटजवळ रोशन दिसला. हाक मारायला त्यानं तोंड उघडलं, अडखळला, मग नुसतं “ए… थांब ना बे” म्हणाला. घरी नाहीद जेवायला बोलवायला आली आणि दारातच माझ्याकडे बघत उभी राहिली.

“काय झालं?”

“काही नाई. आठवून राह्यली होती,” म्हणाली आणि ताट वाढायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी आणि नाहीद चहा पीत असताना लेबलवाल्याचा फोन आला. स्वारी खुशीत होती. करार तयार आहे, फक्त कलाकाराचं नाव सांगा, म्हणाला.

“जाहिद.”

“हॅलो?”

“जाहिद!” मी मोठ्यानं म्हणालो. मग उठून उभा राहिलो आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडलो. समोर बसलेल्या नाहीदनं मानसुद्धा वर केली नाही.

पलीकडे तो क्षणभर कान देऊन राहिला.

“वा,” तो समाधानानं म्हणाला. “आता अगदी स्वच्छ झालं.”